भागिले तीन

३० जानेवारी, सोमवार

लॉगबुकात सगळ्याला रकाने आहेत. पाण्याची पातळी, हवेच्या पंपांचे तास, गाळ किती काढला, वीज किती वाजता गेली. चिडचिडीला रकाना नाही. म्हणून ही वही घेतली. प्लांटवर मी एकटीच परवानाधारक, त्यामुळे रजा नाही, आणि रजा नसलेल्या बाईने कुठेतरी तोंड मोकळं करायला हवं.

आज वीज दोनदा गेली. वीज गेली की हवेचे पंप थांबतात आणि माझी गुरं ओकायला लागतात. गुरं म्हणजे टाकीतले जिवाणू. हे नाव आमच्या जुन्या साहेबांनी, रा मोलेबात्सींनी पाडलं. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे रा म्हणतात. पहिल्या टाकीत या गुरांना हवा द्यायची नाही. तिथे ती पोटातला फॉस्फरस बाहेर टाकतात आणि सांडपाण्यातलं खाणं खातात. पुढच्या टाकीत हवा मिळाली की टाकला त्याच्या दुप्पट फॉस्फरस गिळतात. मग त्यांना गाळाबरोबर बाहेर काढायचं आणि नितळ पाणी ओढ्यात सोडायचं. ओढा धरणाला मिळतो. फॉस्फरस धरणात गेला तर विषारी शेवाळ माजतं. शेतकरी हाच फॉस्फरस पोत्याने विकत आणतात आणि मी तो काढायला पगार घेते.

गेटसुद्धा विजेवर. केबलचोरांच्या भीतीने नगरपालिकेने मोठं लोखंडी गेट बसवलं आणि हाताने उघडायची किल्ली ऑफिसात ठेवली, चौदा किलोमीटरवर. म्हणजे वीज गेली की चोर बाहेर मोकळे आणि आम्ही आत. दुपारचे दोन तास कुंपणाच्या आत बसून मक्याची उकड खाल्ली.

आजचा आकडा: मीटरवर २.४, भागिले तीन, ०.८. मर्यादा एक. पास.

२ फेब्रुवारी, गुरुवार

रा मोलेबात्सींकडे जाऊन आले. ते निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. अकरा वर्षांपूर्वी मी प्लांटवर झाडूवाली म्हणून लागले, तेव्हा परीक्षेला बसायचा हट्ट त्यांनीच धरला. बाटलीत पुडी टाकायची, पाणी निळं व्हायची वाट बघायची, मीटरमध्ये घालायचं, येईल त्या आकड्याला तिनाने भागायचं. मीटर पूर्ण फॉस्फेट दाखवतं आणि त्यात निव्वळ फॉस्फरस फक्त तिसरा हिस्सा असतो, म्हणून. मी विसरू नये म्हणून त्यांनी भिंतीवर लाल रंगात ‘भागिले ३’ लिहून ठेवलं. चार वर्षांपूर्वी मीटर बदललं, भिंत तीच आहे.

"बस, पोरी. चहा घे. पावसाचं पाणी आहे," रा म्हणाले.

"नळाला काय झालं?"

"नळाला येतं ते धरणाचं पाणी माझ्या पोटाला सोसत नाही."

म्हातारपणाचे चोचले. नवं मीटर आलं त्याच वर्षी त्यांनी धरणावर मासे धरणंही सोडलं. गळ, काठ्या, सगळं माझ्या नवऱ्याला देऊन टाकलं. पाठ दुखते म्हणे. पाठदुखीचा माणूस अंगणात कोबीचे वाफे मात्र रोज खणतो.

निघताना त्यांनी विचारलं, "अजून तिनाने भागतेस ना?"

"तुमच्याच हाताने भिंतीवर लिहिलंय. विसरेन कशी?"

त्यांनी कपातली चहापत्ती अंगणात झटकली. मग म्हणाले, "त्या भिंतीला रंग द्यायला हवा आता." प्लांटवर असताना त्यांना साधा उंबरा झाडायचं सुचत नव्हतं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी कुंपणाबाहेरून हाक आली. "केसेन्त्सेंग! बाहेर ये. तुझ्या साहेबांनी आम्हाला प्रेमपत्र धाडलंय."

राखादी होती, माझ्या बाबांची बहीण. मी पाच वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मी राखादीची. नावही तिनेच ठेवलेलं. केसेन्त्सेंग, म्हणजे ‘मी काय बिघडवलं?’ माझ्या जन्माच्या वेळी बाबा घर सोडून गेले होते आणि आई दिवसभर तेवढंच विचारायची. राखादी ओढ्यावरच्या सपाट खडकांवर लोकांचं धुणं धुते. खाणकामगारांचे डांगरी सूट, लॉजच्या चादरी. तिच्याबरोबर आणखी दहा जणी. त्या धुण्यावरच तिने मला शिकवलं.

"वाच मोठ्याने," तिने कागद जाळीतून आत सरकवला. "माझा चष्मा कुणाच्या तरी खिशात धुवून निघाला."

मी वाचला. धरण हिरवं झाल्याबद्दल तक्रारी आहेत. प्लांटमधून सुटणाऱ्या पाण्यात फॉस्फरस ०.८ आहे, मर्यादेच्या आत. सबब धरणातील फॉस्फरस हा ओढ्यावरील धुण्याच्या साबणाचा. महिनाअखेर खडक मोकळे करावेत, छपऱ्या काढून घ्याव्यात. मागे जोडपत्र आणि त्याच्यावर माझी सही.

"सही झोकात करतेस," राखादी म्हणाली. "मीच शिकवली होती ना, दारावर कोळशाने."

"राखादी, मला हे माहीत नव्हतं. मी फक्त आकडा पाठवते. पण आकडा खरा आहे गं."

"खराच असेल. तू खोटं कशाला लिहिशील? पण मला एक सांग, अकरा बायकांच्या साबणाने अख्खं धरण हिरवं झालं, तर इतक्या वर्षांत आमचे हात कसे नाही झाले?"

पाठीमागच्या बायका हसल्या. दिवसभर मी मनातल्या मनात सिआबेलोसाहेबांशी भांडत होते. सिआबेलो म्हणजे नगरपालिकेचे तांत्रिक व्यवस्थापक. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच लोखंडाचं औषध बंद केलं. ते तपकिरी पाणी टाकीत सोडलं की गुरांच्या तावडीतून सुटलेला फॉस्फरस त्याला चिकटून तळाला बसायचा. तेव्हा साहेब म्हणाले होते, "तुझे आकडे इतके चांगले आहेत, मग औषध कशाला?" तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

पाणी खात्याकडून एक बाटली आली. धरणाचा बोभाटा झाल्यामुळे सगळ्या प्लांटांची मीटरं तपासणार आहेत. बाटलीत मुद्दाम मोजून फॉस्फरस घातलेलं पाणी आहे, लेबलवर लिहिलंय: १.०. आपण तपासायचं आणि आकडा कळवायचा. बाहेरच्या प्रयोगशाळेचा करार चार वर्षांपूर्वी संपला, तेव्हापासून मला कुणी असं तपासलेलं नाही, त्यामुळे मी शाळकरी पोरीसारखी हात धुवून बसले.

मीटरवर आलं १.०. भागिले तीन, ०.३३.

तीनदा केलं. तीनही वेळा ०.३३. झालं, मीटर गेलं! आता नव्यासाठी अर्ज, अर्जाला सहा महिने, आणि तोवर माझ्याच नावाने ठणाणा. सोमवारी मीटरच्या कंपनीला फोन करते.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

काल फोन लागला नाही. आज लागला. डर्बनला गोवेंडर नावाचा माणूस आहे, बोलायला मोठा गोड, परक्या बाईला मानाने म्हणतात तसं मला म्मा म्हणणारा.

"म्मा, बाटलीवर काय लिहिलंय?"

"एक."

"आणि पडद्यावर काय आलं?"

"एक. पण भागिले तीन केल्यावर—"

"थांबा, थांबा. तिनाने का भागलं?"

मी हसून त्याला फॉस्फेट आणि फॉस्फरसचा धडा दिला, जसाच्या तसा, रा मोलेबात्सींच्या शब्दांत. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "बरोबर आहे म्मा, जुन्या मीटरला. हे नवं मीटर भागाकार स्वतःच करतं. आकड्याच्या बाजूला बारीक अक्षर दिसतंय का? पी? म्हणजे तो निव्वळ फॉस्फरस. जो दिसतो तोच लिहायचा."

पी दिसत होता. चार वर्षं रोज दिसत होता. मला वाटायचं कंपनीची खूण असेल.

"म्मा? आहात ना?"

मी आभार मानून फोन ठेवला. मग आजचं पाणी तपासलं. २.५. भागायचं नाही. अडीच.

चार वर्षांची लॉगबुकं काढून बसले. २.४, २.६, ३.१, वीज दिवसदिवस जायची त्या हिवाळ्यात ४.२. प्रत्येकापुढे माझ्या सुबक अक्षरात तिसरा हिस्सा. एकही महिना मर्यादेत नव्हता. त्या आकड्यांच्या भरवशावर औषध बंद झालं, आणि आता त्याच आकड्याच्या भरवशावर राखादीचे खडक चाललेत.

१५ फेब्रुवारी, बुधवार

शिफ्ट संपल्यावर थेट रा मोलेबात्सींकडे. दारातच म्हणाले, "तोंड का असं?"

"रा, मीटरचं कळलं मला. तिनाने भागायचं नव्हतं."

ते मटकन बसले. बिचाऱ्यांना इतका धक्का बसला की नेमकं काय झालं, कसं कळलं, हेसुद्धा विचारायचं सुचलं नाही. पहिलाच प्रश्न केला, "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग सांगू नकोस. पोरी, तू अजून चाळिशीत आहेस. परवाना गेला तर झाडू मारायलाही घेणार नाहीत."

"पण राखादी आणि त्या बायका?"

"बायका दुसरीकडे धुतील. पाणी काय कमी आहे?" एवढं बोलून ते कोबीला पाणी घालायला उठले. त्यांना हे सांगायलाच नको होतं, या वयात असला ताप कशाला, असं येताना सारखं वाटत होतं.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

सिआबेलोसाहेबांना सांगितलं. ते ओरडतील याची तयारी करून गेले होते. ते ओरडले नाहीत. दार लावलं आणि मला खुर्ची दिली.

"अठ्ठेचाळीस अहवाल," ते म्हणाले. "सह्या कुणाच्या?"

"माझ्या."

"खात्याला तू कळवलंस तर ते काय म्हणतील? चूक म्हणतील की फसवणूक? प्लांटला टाळं लागेल. तुझ्या हाताखालची सहा माणसं घरी बसतील. घाण पाणी काय थांबणार आहे? ते तसंच ओढ्यात जाईल, आतापेक्षा वाईट."

मी उठायला लागले. तेव्हा ते आणखी मऊ झाले. "मी तुला मार्ग सांगतो. लोखंडाच्या औषधाचा टँकर मागवतो, याच आठवड्यात. पाणी खरोखर सुधारेल. आकडाही हळूहळू खऱ्यावर आणू, कुणाला कळणारही नाही. फक्त महिनाअखेर होऊ दे. बायका हलल्या की हे प्रकरण मिटलं."

"माझी राखादी आहे त्यात."

"मग तर उत्तम. तिला तू समजावू शकतेस."

वाईट याचं वाटतं की त्यांचं बोलणं मला पटत होतं. गप्प बसले तर टँकर येतो, पाणी सुधारतं. बोलले तर चौकशी, टाळं, आणि पाणी तसंच. कुठल्याही बाजूने धरलं तरी कुणीतरी चिरडतं. त्या बाटलीचा आकडा खात्याच्या फॉर्ममध्ये १.० लिहून पाठवला, तो तरी खरा होता. आणि मी ‘बघते’ म्हणून उठून आले. ‘बघते’ म्हणजे ‘हो’, हे त्यांनाही कळलं आणि मलाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

चर्चनंतर राखादीकडे जेवायला. नेहमीसारखी थेट स्वयंपाकघरात शिरले आणि झाकणं उघडून बघितली. ज्वारीची आंबवलेली लापशी आणि रानभाजी. राखादीने हातावर पळी मारली. "मोठी बाई झालीस, तरी मांजराची सवय गेली नाही."

जेवणात विषय खडकांचाच. शनिवारी गावप्रमुख खोसींनी खोत्ला बोलावलाय, झाडाखालची गावसभा. तिथे नगरपालिका आपलं म्हणणं मांडेल आणि बायका आपलं.

"तू येशील ना? प्लांटची बाजू सांगायला?" राखादीने विचारलं. टोमणा नव्हता, हेच वाईट.

अंगणात मोसू बांधली होती. माझ्या लग्नात नवऱ्याकडून आलेल्या गुरांतली एक कालवड आमच्या रिवाजाप्रमाणे राखादीला मिळाली, तिची ही मुलगी. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, पुढच्या महिन्यात विणार. राखादी तिच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलते.

"हिला धरणाच्या काठावर पाण्याला नको नेऊस," मी म्हटलं. "शेवाळ वाढलंय."

"मग कुठे नेऊ, तुझ्या साहेबाच्या नळावर? दरवर्षीच हिरवं असतं." मग थांबून तिने माझ्याकडे नीट बघितलं. "का गं? काही झालंय का?"

मी म्हटलं, "नाही."

२१ फेब्रुवारी, मंगळवार

टँकर आला नाही. साहेब फोन उचलत नाहीत. मीटर २.६. लॉगबुकात पेन टेकवून किती वेळ बसले. शेवटी ०.८७ लिहिलं. हात आपोआप भागतो.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायचंय, पण कुठून सुरू करू?

दुपारी दोनला वीज गेली. अडीचच्या सुमाराला ओढ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. कुंपणाच्या खालच्या कोपऱ्यातून, ओढा धरणाला मिळतो ती बाजू दिसते. मोसू काठावर होती. वाऱ्याने शेवाळाची जाड साय काठाला लोटली होती, हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी. मोसूचं तोंड हिरवं झालेलं. ती चालायला बघत होती आणि पाय कुठल्या कुठे पडत होते.

"केसेन्त्सेंग!" राखादी काठावरून मला बघून ओरडली. "हिला काय झालं बघ! तुला कळतं पाण्याचं! ये लवकर!"

मी गेटकडे धावले. गेट बंद. वीज नाही. लाथा मारल्या, पहाऱ्यावरच्या बाईने आणि मी मिळून पहार घालून बघितली. ऑफिसात किल्लीसाठी फोन केला, तर म्हणे गाडी बाहेर गेलीय. मी परत कुंपणापाशी आले. जाळीवर चढायला गेले, वरच्या काटेरी तारेने तळहात फाटला.

"पाणी पाजू का तिला?" राखादी विचारत होती. "मीठ देऊ? सांग ना!"

"ते पाणी नको! ते नको पाजूस!" मी ओरडले.

"मग कुठलं? दुसरं कुठलं आहे?"

मोसू खाली बसली, मग आडवी झाली. पोट उडत होतं. आत वासरू होतं. बायकांनी तिचं डोकं उचलून धरलं होतं. मी जाळीला धरून बघत होते. पावणेचारला संपलं. चारला वीज आली आणि गेट आपोआप उघडलं.

मी गेले, तेव्हा राखादी चिखलात बसली होती. माझा हात बघून तिने आपला डोक्याचा रुमाल सोडला आणि माझ्या तळहाताला बांधला. तिच्यासमोर मला रडायचा हक्क नव्हता, पण मी रडले.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

चौदा तारखेला बोलले असते तर नऊ दिवस मिळाले असते. गावभर कळलं असतं, काठावर कुणी गुरं नेली नसती. हे वाक्य मी सकाळपासून वेगवेगळ्या तऱ्हेने बदलून बघते आहे. ते बदलत नाही.

मीटर २.५. लॉगबुकात २.५ लिहिलं. खात्याला चार वर्षांचे खरे आकडे पाठवले, सहीनिशी. उद्या खोत्ला.

२५ फेब्रुवारी, शनिवार

झाडाखाली दीडशे तरी माणसं होती. पुरुष आपापल्या खुर्च्या घेऊन, बायका चटयांवर. राखादी पुढे बसली होती, अकरा जणी एका ओळीत. रा मोलेबात्सी आले नाहीत. पाठ दुखत असेल.

सिआबेलोसाहेबांनी अहवाल वाचला. ०.८ हा आकडा त्यांनी तीनदा म्हटला. गाय मेल्याबद्दल नगरपालिकेला दुःख आहे, म्हणूनच साबण थांबायला हवा, असंही म्हणाले.

खोसींनी विचारलं, "प्लांटची बाई काही बोलणार?"

मी उभी राहिले. साहेबांनी खालच्या आवाजात म्हटलं, "बस खाली, केसेन्त्सेंग." पण खोसींनी ऐकलं. "खोत्लात उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी बसवत नाही, सिआबेलो. तुझ्या ऑफिसात बसव."

तेवढ्या हशात मला श्वास मिळाला. मी म्हटलं, "आकडा ०.८ नाही. अडीच आहे. समजा, तुमच्या घरी मक्याची तीन पोती आली आणि मी वहीत एकच लिहिलं. असं मी चार वर्षं लिहिलंय. मीटर बदललं, मी बदलले नाही. चूक माझी. त्या आकड्यामुळे औषध बंद झालं. फॉस्फरस प्लांटमधून येतो. बायकांचा साबण त्याच्यापुढे चिमूटभर. खात्याला काल मी हे लेखी कळवलंय."

कुणीतरी शिवी दिली. कुणीतरी गप्प बस म्हणालं. मागच्या ओळीतला एक म्हातारा उठून म्हणाला, "आम्ही तेच पाणी पितो, बाई." मी मान खाली घातली. खोसींनी निकाल दिला: खडक बायकांचे. नोटीस परत घ्यायची. सिआबेलोसाहेबांनी कागद घडी करून खिशात घातले. बायकांनी आनंदाने लांब किलकारी दिली. दहा जणींनी.

राखादी उभी राहिली. खोसींकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "मला एकच विचारायचंय. हे तुला कधी कळलं?"

सगळ्या प्रश्नांची तयारी करून मी आले होते, या एका सोडून. ‘परवा’ म्हटलं असतं तर चाललं असतं. खरं साहेबांना माहीत होतं, पण ते बोलले नसते.

"चौदा तारखेला," मी म्हटलं.

ती बोटांवर मोजू लागली. ओठ हलत होते. "एकोणीसला तू माझ्याकडे जेवलीस."

"हो."

"मी तुला विचारलं होतं, काही झालंय का."

"हो, राखादी."

ती खाली बसली. चटईच्या कडेची सुटलेली काडी बोटाने आत खोचत राहिली. पुढे कोण काय बोललं ते मला आठवत नाही.

१ मार्च, बुधवार

नगरपालिकेचं पत्र आलं. मला चौकशी होईपर्यंत निलंबित करण्यात आलंय. तथापि दुसरा परवानाधारक उपलब्ध होईपर्यंत कामावर हजर राहावं. दोनदा वाचलं. म्हणजे मी निलंबितही आहे आणि रजाही नाही. पहाऱ्यावरच्या बाईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "मग गेट तुझ्यासाठी उघडू की लावू?" आम्ही दोघी हसलो. या आठवड्यात हसले ते तेवढंच.

खात्याची माणसं सोमवारी येऊन गेली. धरणाच्या काठावर पाट्या लागल्या, गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर सुरू झाला. लोखंडाचं औषध काल आलं. आज मीटर १.६. गुरं आणि औषध मिळून आणखी खाली आणतील, मला खात्री आहे. ओढ्यावर सकाळपासून कपडे आपटल्याचा आवाज येत होता. अकरा जणी होत्या, मी मोजल्या.

संध्याकाळी राखादीचा रुमाल धुऊन, इस्त्री करून तिच्याकडे घेऊन गेले. रस्ताभर मी तिच्या शिव्या ऐकायची तयारी केली होती. तिला सगळ्या येतात, पुरुषांच्यासुद्धा. तिने मारलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

ती दारात आली. रुमाल दोन्ही हातांनी घेतला, आमच्याकडे परक्यांकडून घेतात तसा. मी सवयीने स्वयंपाकघराकडे वळले, तर ती मधे उभी होती. बाहेरच्या खोलीतली पाहुण्यांची खुर्ची तिने फडक्याने पुसली.

"तुम्ही बसा, म्मा," ती म्हणाली.

उभ्या आयुष्यात तिने मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "राखादी, असं नको ना." तिला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल. ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मग बशीवर ठेवलेला चांगला कप घेऊन बाहेर आली, साखरेचा डबा काखेत. माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"तुम्हाला साखर किती लागते?" तिने विचारलं.

"दोन चमचे," मी म्हटलं.